बेल्जियन आंबट बिअर आणि मटण, जमतं का?

भावांनो, मित्रानं बेल्जियमहून रोडेनबाखची बाटली आणलीय, लालसर, आंबट असते म्हणे. रविवारी घरी मटणाचा बेत हाय, तांबडा-पांढरा दोन्ही. कशाबरोबर घेऊ?

रिप्लाय: सुक्क्याबरोबर घे भावा. ही फ्लँडर्स रेड, म्हंजी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातली लालसर आंबट बिअर, ओकच्या लाकडाच्या मोठ्या पिंपांत मुरवलेली जुनी बिअर ताज्या बिअरमध्ये मिसळतात, त्यामुळं चेरीसारखा वास येतो अन् मागनं व्हिनेगरची धार, कडूपणा नसल्यातच जमा म्हणून कांदा-लसूण चटणीचं तिखट भडकत नाही आणि मटणाची चरबी जिभेवरनं लगेच सुटते. लई भारी जमतं.

रिप्लाय: पांढऱ्याबरोबर नको राव, नारळाच्या दुधाची, खसखशीची चव पार मरते.

रिप्लाय: फ्रीजमधनं काढून १० मिनिटं बाहेर ठेव, एकदम गार असली की वास कळतच नाही. ग्लास वाईनचा घे.