बिटवॉर्डन: क्रोम-किपासमधून आयात आणि भरवशाचा बॅकअप कसा घ्यावा?

किल्लीजुडगा: क्रोममधले पासवर्ड आणि किपासएक्ससीची (पासवर्ड फाइलीत साठवणारा प्रोग्राम) जुनी फाइल, दोन्ही बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये आणायचं आहे. किपासच्या काही नोंदींना फाइली जोडल्या आहेत, टूएफएही (लॉगिनचा दुसरा टप्पा) आहे. आधी काय आणावं? आणि खातंच गेलं तर कामी येईल असा बॅकअप कोणता?

साधाप्रोग्रामर: आधी किपास, कारण त्यातली माहिती जास्त भरीव असते. किपासएक्ससीमधून एक्सएमएल निर्यात करा (सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता, नको) आणि बिटवॉर्डनच्या वेब व्हॉल्टमध्ये (ब्राउझरमध्ये उघडणारी पासवर्डची तिजोरी) 'किपास २ (एक्सएमएल)' निवडा. ग्रुपचे फोल्डर होतात. जोडलेल्या फाइली मात्र येत नाहीत, त्या हातानेच चढवाव्या लागतील. टूएफएची किल्ली योग्य रकान्यात आली का, हे चार-पाच नोंदी उघडून बघा. ती साठवता येते फुकटात, पण त्यावरून कोड दाखवायला सशुल्क योजना लागते.

क्रोमची सीएसव्ही आणताना आधी एक रिकामा फोल्डर करून आयात त्यातच करा. बिटवॉर्डन दुहेरी नोंदी ओळखत नाही. तीच फाइल दोनदा दिली की सगळं दोनदा येतं. वेगळा फोल्डर असला की निवडून एकदम उडवता येतं.

रकाना: सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, कृपया! पासवर्डच्या सुरुवातीची शून्यं जातात, १५ अंकांपुढचे आकडे बदलतात आणि साध्या सीएसव्हीत देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात. दुरुस्ती करायचीच तर टेक्स्ट एडिटरमध्ये, यूटीएफ-८ (देवनागरी टिकवणारी अक्षर-संकेतपद्धती) ठेवून.

मोठ्या टिपांवरही आयात अडते. मर्यादा आहे एन्क्रिप्ट केल्यानंतरच्या १०,००० अक्षरांची. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं आणि एन्क्रिप्ट होताना मजकूर आणखी फुगतो, त्यामुळे मराठी टीप २,४०० चिन्हांच्या आत ठेवलेली बरी. एक टीप जरी लांबली तरी अख्खी आयात नाकारली जाते.

साधाप्रोग्रामर: बॅकअपसाठी एन्क्रिप्टेड जेसन (बिटवॉर्डनची कुलूपबंद निर्यात फाइल) घ्या आणि त्यात 'पासवर्ड-संरक्षित' हाच पर्याय निवडा. 'खात्यापुरता मर्यादित' प्रकार त्याच खात्याच्या एन्क्रिप्शन किल्लीने बांधलेला असतो; खातं गेलं किंवा किल्ली बदलली की ती फाइल निरुपयोगी. कचरापेटीतल्या आणि संस्थेच्या व्हॉल्टमधल्या नोंदी यात नसतात.

फाइल खरंच उघडते का, हे किपासएक्ससी २.७.७ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत आयात करून बघा. इंटरनेट लागत नाही आणि मूळ व्हॉल्टला धक्काही नाही.

किल्लीजुडगा: क्रोममधल्या पासकीचं (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) काय?

रकाना: सीएसव्हीत येत नाहीत. त्या-त्या साइटवर बिटवॉर्डनमध्ये नवीन पासकी तयार करा, लॉगिन करून बघा, मगच जुनी काढा. सगळं जुळलं की एक्सएमएल आणि सीएसव्ही दोन्ही कचरापेटीसकट पुसा. त्यात सगळे पासवर्ड उघडे असतात. डाउनलोड फोल्डर क्लाउडला जोडलेला असेल तर तिथली प्रतही.

साधाप्रोग्रामर: बॅकअपचा पासवर्ड आणि बिटवॉर्डनचा टूएफए रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. व्हॉल्टच्या आत नको, कारण व्हॉल्ट उघडत नसेल तेव्हाच ते लागतात.