हेपॅटायटिस सी ची ट्रीटमेंट चालू आहे, आईला नक्की खायला काय द्यायचं?

मधलीसुटी (विक्रोळी)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी ज्या रक्ताच्या तपासण्या करतात त्यात हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलं. आम्हाला काही कळेचना कारण तिला तसा त्रास काहीच नव्हता, थकवा यायचा पण तो आम्ही वयाचा धरला. मग व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ते) झाला, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघतात) झाला, लिव्हर बरंच कडक झालंय, सिरॉसिसची, म्हणजे लिव्हर आकसून खराब होण्याची, सुरुवात आहे पण पोटात पाणी वगैरे नाही असं डॉक्टर म्हणाले. सोफोसबुविर आणि वेलपाटास्विर एकत्र असलेली गोळी दिलीय, रोज एक, १२ आठवडे. माझ्या मोठ्या भावाच्या वेळी सिझेरियन झालं होतं तेव्हा तिला रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या, तेव्हाच शिरलं असणार असा अंदाज आहे.

गोळी वेळेवर चालू आहे, प्रश्न जेवणाचा आहे. ओपीडीत मरणाची गर्दी, डॉक्टर म्हणाले साधं घरचं सगळं खा, दारू नको, आणि लगेच पुढचा पेशंट आत. घरी आल्यावर प्रत्येकाचं वेगळं. मावशी म्हणते तेल बंद, हळद बंद, डाळ बंद, नुसता मऊ भात, उकडलेला दुधी आणि उसाचा रस. काका गुळवेलीचा काढा आणून देतात. आईने ते फारच मनावर घेतलंय, सकाळी पेज, दुपारी मऊ भात, रात्री परत तेच. सगळे ब्लाऊज सैल झालेत, दंडाची कातडी लोंबायला लागलीय, खाली बसली की उठताना हात द्यावा लागतो. आम्ही मालवणकडचे, मासे म्हणजे तिचा जीव, तेही सोडलेत. आणि मला सगळ्यात लागलंय ते हे की तिने स्वतःचं ताट वाटी पेला वेगळा काढलाय, नातीला घास भरवत नाही, चपात्या लाटायला बसत नाही.

तर मासे, अंडी, डाळी चालतील का, तेल किती, चहा कॉफीचं काय, आणि सकाळी उपाशीपोटी ती ऍसिडिटीची गोळी घेते ती चालू ठेवायची का? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज लिहा.

लालबागकर

ताई सगळ्यात आधी हे की आई बरी होणार, या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवच्या वर लोक बरे होतात. मी स्वतः यातून गेलोय. गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड परत करतात, त्यात व्हायरस नाही आला की बरं झालं म्हणायचं, माझा नाही आला.

ऍसिडिटीच्या गोळीचं मात्र आजच बघा, बाकी सगळं उद्यावर टाकलंत तरी चालेल. वेलपाटास्विर अंगात नीट उतरायला पोटात आम्ल लागतं, पँटोप्राझोल ओमेप्राझोल यांनी आम्ल कमी होतं आणि मग औषध रक्तात कमी उतरतं. एवढी मोलाची गोळी आणि ती अर्धवट लागू पडणार. स्वतःहून काही बंद किंवा चालू करू नका, आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. ते बदलून देतील नाहीतर कुठली आधी कुठली नंतर ते सांगतील. ऍसिडिटीचं ते गुलाबी पातळ औषध किंवा चघळायच्या गोळ्या घेत असेल तर त्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर पाहिजे. फिट्सच्या काही गोळ्या, टीबीची रिफाम्पिसिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमिओडारोन, हे काही चालू असेल तर ते पण आवर्जून सांगायचं.

नेटवर शोधलंत तर पथ्यांची मोठाली पानं सापडतील, त्यातलं बरंचसं इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळातलं आहे. तेव्हा इंजेक्शनं असायची, सहा महिने वर्षभर चालायची, ताप, अंगदुखी, तोंडाची चव गेलेली, माणूस जेवणाला शिवायचा नाही म्हणून ते सगळं लिहिलेलं. आत्ताच्या गोळ्यांनी फार तर डोकं दुखतं, थकवा येतो, कधी मळमळतं. मला सकाळी मळमळायचं तर मी गोळी दुपारी जेवल्यावर घ्यायला लागलो, डॉक्टरांना विचारून, वेळ मात्र रोज तीच. कामावर जात होतो, डबा खात होतो.

आणि ताटाचं. हा आजार रक्तातून रक्तात जातो. उष्ट्यातून, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, तिच्या हातच्या चपातीने जात नाही. वेगळं ठेवायचं ते नेलकटर, ब्लेड, टूथब्रश. भाजी चिरताना बोट कापलं तर धुऊन पट्टी लावायची, सांडलेलं रक्त ब्लीचने पुसायचं, संपलं. आमच्या चाळीत माझा कप वेगळा ठेवणारे होते, तो अनुभव फार वाईट असतो, माणूस आतून तुटतो. आईला तुम्ही स्वतः तिच्या ताटातला घास खाऊन दाखवा, सांगण्यापेक्षा ते लवकर पोचेल.

आहारवाली

मी डाएटिशियन आहे, लिव्हरचे पेशंट रोज बघते. ताई तुम्ही जे लिहिलंय ना, दंडाची कातडी लोंबतेय, उठताना हात लागतो, ते वाचून काळजी वाटली म्हणून सविस्तर लिहितेय. हा व्हायरस जेवणाने जात नाही, तो गोळीने जातो. जेवणाचं काम आहे अंगातली ताकद टिकवणं आणि तुमच्याकडे नेमकं त्याच्या उलट चाललंय. सिरॉसिसमधे स्नायू आधीच झिजत असतात, त्यात डाळ दूध मासे काढून घेतले की शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवतं.

सिरॉसिस असलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. आईचं वजन ५० किलो धरलं तर ६० ते ७५ ग्रॅम. पेज आणि मऊ भातात दिवसभराचं १५-२० ग्रॅम जेमतेम होत असेल. अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७, पेलाभर दुधात तेवढंच, मूठभर शेंगदाण्यात ७, आणि बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात जवळपास २०. म्हणजे मासे तर सगळ्यात सोपा मार्ग, तोच तुम्ही बंद केलात. बांगडा, बोंबील, सौंदाळे, मोरी जे आवडतं ते द्या, तिरफळं घालून पातळ तिखलं करा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजा. खोबऱ्याचं वाटण पूर्ण बंद करायचं कारण नाही, बेताने घाला. ज्या दिवशी मासे नाहीत त्या दिवशी मोड आलेले मूग, कुळथाचं पिठलं, पनीर, अंड्याचा रस्सा.

हळद बंद करायची नाही. कावीळ पिवळी म्हणून पिवळं खायचं नाही एवढंच त्यामागे आहे. फोडणीतली हळद बिनधास्त, हळदीच्या कॅप्सूल मात्र नको, त्याने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत. तेल रोजच्या जेवणात लागतं तेवढं घाला, तळलेलं कधीतरी. डाळ तर पाहिजेच.

आता जे बहुतेक घरांत राहून जातं ते सांगते. रात्री झोपण्याआधी काहीतरी खायलाच हवं. चांगलं लिव्हर साखरेचा साठा करून ठेवतं आणि रात्रभर थोडा थोडा सोडतं, सिरॉसिसमधे तो साठाच कमी असतो, त्यामुळे साडेआठला जेवून सकाळी आठला चहा घेतला तर शरीराच्या हिशोबाने तो मोठा उपास होतो आणि स्नायू झिजतात. म्हणून दहा साडेदहाला एक पेला दूध आणि एक चपाती, किंवा नाचणीची दुधातली खीर, किंवा दोन इडल्या. एरवी दिवसाही तीन चार तासांच्या वर पोट रिकामं नको. एका वेळी भरपूर जात नसेल तर थोडं थोडं पाच सहा वेळा.

मीठ नेहमीचंच पण पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, खारा बांगडा हे कमी करा. पुढेमागे पोटात पाणी किंवा पायावर सूज दिसली तर मीठ मोजून, दिवसभरात साधारण ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, पण तेव्हासुद्धा प्रोटीन कमी करायचं नाही. कॉफी चालते, दोन तीन कप रोज पिणाऱ्यांचं लिव्हर कडक व्हायचं प्रमाण कमी असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, साखर कमी घाला म्हणजे झालं. दारू शून्य, अगदी सणासुदीची पण नाही. शेंगदाणे नीट बघून घ्या, बुरशीचा वास आलेले, काळपट पडलेले सरळ फेकायचे, त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन लिव्हरला फार वाईट. लोहाच्या गोळ्या, टॉनिकं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको.

सह्याद्री६२

सगळं वाचलं, पण थोडं वेगळं मत आहे, राग नसावा. आमच्या गावी कावीळ झाली की तेल मीठ तोडून, उसाचा रस आणि झाडपाल्याचं औषध देऊन माणसं ठणठणीत झालेली मी डोळ्यांनी बघितली आहेत. गुळवेल तर घरोघरी आहे, पिढ्यान्‌पिढ्या घेतात. ऍलोपथीवाले सगळं खा म्हणतात ते पटत नाही.

आहारवाली

काका राग अजिबात नाही, तुम्ही बघितलंय ते खरंच आहे, पण ती कावीळ बहुतेक ए किंवा ई व्हायरसची असते, दूषित पाण्यातून येते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते, झाडपाला घेतला काय नाही घेतला काय. हेपॅटायटिस सी बहुतेकांच्यात आपला आपण जात नाही, वर्षानुवर्षं आत बसून लिव्हर खराब करतो.

गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मधे मुंबईतल्याच डॉक्टरांनी सहा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली होती, कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर त्यांच्या लिव्हरला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने तेव्हा हा निष्कर्ष मान्य केला नव्हता हेही सांगते. पण ज्यांचं लिव्हर आधीच कडक झालंय, ज्यांना नवं औषध चालू आहे, त्यांच्यावर हा प्रयोग मी कधीच करू देणार नाही. उद्या एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलं तर कशाने वाढलं हे पण कळणार नाही. ताई काढा बंद, आणि तुमच्या काकांनी प्रेमाने आणलाय तर त्यांनाच डॉक्टरांकडे एकदा सोबत न्या. उसाचा रस रस्त्यावरचा तर नकोच, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा काय माहीत. पावसाळ्यात पाणीपुरी, गोळा, कापून ठेवलेली फळं पण टाळा. सी च्या जोडीला ए किंवा ई झाला तर लिव्हरला झेपणार नाही. ए आणि बी ची लस आईला देता येईल का ते विचारून घ्या.

पारिजात

आहारवालींनी छान लिहिलंय. माझ्या सासऱ्यांच्या वेळचं एक सांगते, त्यांना डायबेटिस होता. व्हायरस कमी व्हायला लागला तशी शुगर खाली यायला लागली, एकदा संध्याकाळी दरदरून घाम आणि हातपाय थरथरायला लागले, शुगर ६२. व्हायरस गेला की असं होऊ शकतं, मग डॉक्टरांनी गोळी कमी केली. आईला शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर घरी मशीनवर बघत जा.

आणि मधलीसुटी, तुम्ही लिहिलंत रक्त मोठ्या भावाच्या वेळी चढवलं. म्हणजे तुमचा जन्म त्यानंतरचा ना? आईकडून बाळाला जाण्याची शक्यता कमी असते, शंभरात पाचेक, पण तुम्ही तुमची टेस्ट करून घ्याच, बाबांची पण. साधी अँटिबॉडी टेस्ट असते. सरकारी कार्यक्रमात, २०१८ च्या जुलैत सुरू झाला तो, तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट मिळतात, जवळच्या मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात चौकशी करा.

मधलीसुटी (विक्रोळी)

सगळ्यांचे खूप खूप आभार. डॉक्टरांना फोन लागला, ऍसिडिटीची गोळी त्यांनी सध्या थांबवायला सांगितलीय आणि गुरुवारी बोलावलंय. टेस्टचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं पारिजातताई, मी आणि बाबा शनिवारी जातोय. काल बोंबलाचं कालवण केलं, आई आधी नको नको म्हणत होती, मग मी लालबागकरांचं वाचून दाखवलं तर दोनदा भात घेतला.

अजून दोन प्रश्न. कालवं तिसऱ्या चालतील का? आणि ती एकादशी आणि सोमवार दोन्ही करते, तो विषय काढला तर ऐकणार नाही.

आहारवाली

कालवं आणि तिसऱ्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या अजिबात नको. त्यात एक जंतू असू शकतो, व्हिब्रिओ, निरोगी माणसाचं पोट बिघडवून जातो पण सिरॉसिसमधे रक्तात पसरून जिवावर बेतू शकतं. शिंपल्या उघडून पुढे चांगल्या पाच मिनिटं उकळल्या की खाऊ शकतात, पण मी म्हणेन ट्रीटमेंट होईपर्यंत राहू द्या, मासे आहेतच.

उपास मोडायला सांगू नका, उपाशी राहू नको एवढंच सांगा. सकाळी शेंगदाणे घालून राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही, मधे केळं नाहीतर दूध, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी शिंगाड्याची खीर, रात्री झोपताना परत दूध आणि राजगिऱ्याचा लाडू. दाणे आणि दूध असल्यामुळे प्रोटीन पण जातं. नुसती साबुदाण्याची खिचडी एकदाच खाऊन दिवस काढणं किंवा निर्जळी, हे नको. आणि गोळी उपासाच्या दिवशीही त्याच वेळेला.