ऑल्ट-कंट्री मेलं म्हणणाऱ्यांनो, जरा कान उघडा

कॅरीकर:
एका ग्रुपवर परवा पोस्ट वाचली. म्हणे ऑल्ट-कंट्री, म्हणजे पंक-रॉकच्या अंगाने, रेडिओवरच्या गुळगुळीत कंट्रीच्या विरोधात वाढलेलं कंट्री संगीत, २००८ मध्येच मेलं, त्याला वाहिलेल्या ‘नो डिप्रेशन’ या नियतकालिकाचा छापील अंक बंद झाला तेव्हा, आता उरल्यात त्या नुसत्या दाढ्या, टोप्या आणि इन्स्टाग्राम. खाली अंगठ्यांची रांग. डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

या संगीताचं मरण जाहीर करायची लोकांना जुनी खोड आहे. १९९४ मध्ये अंकल टुपेलो हा या संगीताचा आद्य बँड फुटला, तेव्हा संपलं म्हणाले. पुढच्याच वर्षी जे फॅरारचा सन व्होल्ट आणि जेफ ट्वीडीचा विल्को, दोघांचेही पहिले अल्बम दुकानात होते. २००८ ला अंक बंद पडला, परत श्राद्ध. २०२१ मध्ये ब्लडशॉट रेकॉर्ड्स हे शिकागोचं छोटं लेबल विकलं गेलं, परत श्राद्ध. बरं, ज्या अंकाच्या बंद पडण्यावर एवढं रामायण, तो २०१५ मध्ये त्रैमासिक होऊन पुन्हा छापून आला, हे त्या पोस्टीत कुठेच नाही.

आणि मधल्या काळात काय चाललं होतं? ड्राइव्ह-बाय ट्रकर्सनी २००१ मध्ये ‘सदर्न रॉक ऑपेरा’ काढला. त्याच बँडमधून बाहेर पडलेल्या जेसन इझबेलने दारू सोडली आणि २०१३ मध्ये ‘साउथईस्टर्न’ केला. स्टर्जिल सिम्पसनला २०१७ मध्ये सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कारांचा सोहळा आत चालू असताना हा बाहेर फुटपाथवर गिटार घेऊन गात होता, ग्रॅमी गिटारच्या उघड्या पेटीत ठेवलेलं.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, म्हणून इथलं सांगतो. सॅक्सापहॉ नावाच्या छोट्या गावात नदीकाठच्या जुन्या गिरणीत हॉ रिव्हर बॉलरूम आहे. मुलीच्या आग्रहाने गेलो होतो. पुढे सगळी विशीतली पोरं. गिटारांचा नुसता कल्लोळ चाललेला, आणि त्यातून स्टील गिटारचा एक लांब, घसरत जाणारा सूर वर आला तशी ती पोरं ओरडली. स्टीलच्या सुरावर! अॅशव्हिलचा वेन्सडे हा बँड ऐका. ग्रीन्सबरोत वाढलेली कार्ली हार्ट्झमन त्यात आपल्या भागातल्या हायवेकडेच्या दुकानांबद्दल, चर्चबद्दल, उपनगरातल्या पोरांच्या नशापाण्याबद्दल गाते. त्यांचा ‘रॅट सॉ गॉड’ २०२३ चा आहे. वॉक्साहॅची या नावाने गाणारी केटी क्रचफील्ड अलाबामाची, आधी पंक बँडमध्ये, आणि २०२० च्या ‘सेंट क्लाउड’मध्ये थेट कंट्रीच्या अंगणात. अंकल टुपेलोने १९९० च्या पहिल्या अल्बमात पंकच्या शेजारी कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायकांचं १९३६ मधलं गाणं वाजवलं, ते याहून वेगळं काय होतं?

लिंकन_अव्हेन्यू:
ती पोस्ट माझीच. शब्दही मागे घेत नाही.

तुम्ही आवाजाबद्दल बोलताय, मी व्यवस्थेबद्दल. नव्वदीत शिकागोत शिकायला आलो तेव्हा लिंकन अव्हेन्यूवरचं लाउंज अॅक्स हा क्लब माझं घर होतं. लांबट, अंधारी खोली, स्टेज मिनिटाभरात चालून जाल एवढ्यावर. ब्लडशॉटने १९९४ मध्ये पहिलं संकलन काढलं ते याच शहरातून. पोस्टाने कॅटलॉग यायचा. मासिकात परीक्षण आलं की दुकानदार चार सीडी जास्त मागवायचा, बँड व्हॅनमधून यायचा, कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमिनीवर झोपायचा आणि सकाळी पुढच्या गावाला. लेबल, मासिक, क्लब, दुकान, एकाने दुसऱ्याला धरलं होतं. शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारींचा ससेमिरा लागलेलं लाउंज अॅक्स जानेवारी २००० मध्ये बंद झालं, आणि ती साखळी तुटायला लागली. स्टील गिटार वाजतेय म्हणजे ती साखळी जिवंत आहे असं नाही. तुमची वेन्सडे, तुमची वॉक्साहॅची स्वतःला इंडी म्हणवतात. इझबेल ‘अमेरिकाना’ या शेजारच्या, लोकसंगीताकडे झुकलेल्या प्रकारात गेला. कंट्री गायक झॅक ब्रायन मिशिगनच्या फुटबॉल मैदानात लाखावर माणसं जमवतो. यातलं ‘ऑल्ट’ नक्की कुठलं?

ओझार्क_ऑफिस:
+१. २०१० पासून ग्रॅमीत अमेरिकानाचा वेगळा रकाना आला, तिथेच घोळ झाला. टायलर चिल्डर्सला २०१८ मध्ये अमेरिकानावाल्यांनीच पुरस्कार दिला, आणि त्याने त्यांच्याच मंचावर सांगितलं की मी कंट्री गायक आहे, हे अमेरिकाना वगैरे मला मान्य नाही. ज्याला तुम्ही पुरावा म्हणून उभा करणार तोच हात वर करतोय.

कॅरीकर:
@ओझार्क_ऑफिस, चिल्डर्सने नाव नाकारलं, संगीत नाही. केंटकीच्या डोंगरातला पोरगा नॅशव्हिलच्या रेडिओला न विचारता स्वतःची माणसं जमवतो, याला मी जिवंत असणंच म्हणतो.

@लिंकन, लेबलांबद्दल फार गहिवरू नका. विल्कोचा ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ रिप्रीज लेबलने नाकारला आणि २००२ मध्ये नॉनसच लेबलने काढला. दोन्ही वॉर्नर या बड्या कंपनीचीच. एकाच घराने एका अल्बमचे दोनदा पैसे मोजले. त्या सोन्याच्या काळातला हा कारभार.

लिंकन_अव्हेन्यू:
मी ब्लडशॉटबद्दल लिहिलं, तुम्ही वॉर्नर आणलंत. छोट्या लेबलांबद्दल बोला.

शिवोलीकर:
ही सगळी नावं वाचून एकच विचारायचंय. कंट्रीवर एवढी चर्चा आणि जिम रीव्हज कुठेच नाही? आमच्या गोव्यात कंट्री म्हणजे जिम रीव्हज. शेजारच्या घरात डिसेंबर लागला की त्याची ख्रिसमसची रेकॉर्ड सुरू व्हायची, आणि आमच्या गणपतीच्या घरातल्या मुलांनाही ती तोंडपाठ. त्याच्या आवाजासमोर तुमचे हे ओरडणारे लोक टिकतील का?

लिंकन_अव्हेन्यू:
नाही, आणि त्याचं कारण आहे. जिम रीव्हज म्हणजे नॅशव्हिल साउंड. निर्माता चेट अॅट्किन्सने फिडल आणि स्टील मागे सारलं, व्हायोलिनांचा ताफा आणि मागे कोरस बसवला, शहरी बायकांना आवडेल असं गुळगुळीत केलं. ऑल्ट-कंट्री ज्याच्या विरोधात उभं राहिलं ते नेमकं हेच. इथे जिम रीव्हज आणणं म्हणजे धागाच उसवणं.

शिवोलीकर:
‘शहरी बायकांना आवडेल असं’ हे वाक्य लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? आणि गुळगुळीत कशाला म्हणता? माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन, खालच्या पट्टीत, न ओरडता गाणं ही गायकाची हिंमत आहे. तो माणूस १९६४ मध्ये विमान अपघातात गेला आणि गोव्यातल्या घरांत आजही त्याची रेकॉर्ड निघते.

माझी आजी निरक्षर होती. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता. शेजारणीच्या नवऱ्याचं आखातात निधन झालं, त्यानंतर त्या घरातला रेकॉर्ड प्लेयर बरेच महिने बंदच होता. पुन्हा लागला तेव्हा पहिली रेकॉर्ड जिम रीव्हजची. आजी हातातलं खोबरं खवायचं थांबवून ओट्यापाशी उभी राहिली आणि आईला म्हणाली, ‘तिचं घर परत बोलायला लागलं.’ तुमच्या शिकागोच्या क्लबात असं कुणाला वाटलं असेल तर मला आनंदच आहे. पण आम्हाला बाहेर काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

लिंकन_अव्हेन्यू:
आजीबद्दल आदर आहे. पण भावना हा इतिहास नव्हे. प्रत्येक धाग्यात कुणीतरी घरची आठवण आणतं आणि मग मुद्दा बोलायची सोय राहत नाही.

पेडल_आणि_गुडघा:
लिंकनदादा, तुमचा इतिहासही अर्धाच आहे. मी ऑस्टिनला असतो, पेडल स्टील शिकतोय. दहा तारा, ई-नाइनची जुळवणी, डाव्या पावलाखाली तीन पेडल, उजव्याखाली व्हॉल्यूम, आणि दोन्ही गुडघ्यांना लिव्हर. पाऊल तिरकं करून दोन पेडल एकदम दाबायची आणि त्याच वेळी गुडघा बाहेर ढकलायचा. डाव्या हातातला लोखंडी बार केसभर सरकला तरी सूर बेसूर. एवढं सांगतोय कारण या वाद्यावर माझा जीव आहे, आणि नॅशव्हिल साउंडने त्याला मागे बसवलं याचं दुःख मलाही आहे.

पण गायिका के. डी. लँगने १९८८ चा ‘शॅडोलँड’ कुणाकडून करून घेतला? ओवेन ब्रॅडलीकडून, पॅट्सी क्लाइनच्या निर्मात्याकडून, म्हणजे नॅशव्हिल साउंड घडवणाऱ्यांपैकीच एकाकडून. आणि लॅम्बचॉप! खुद्द नॅशव्हिलचा बँड. २००० च्या ‘निक्सन’मध्ये व्हायोलिनांचा तोच ताफा आहे, कर्ट वॅग्नर त्यावर जवळजवळ पुटपुटतो. तुमच्या त्या ‘नो डिप्रेशन’च्या वाचकांनीच त्याला डोक्यावर घेतलं होतं. म्हणजे जिम रीव्हजचा रस्ता ऑल्ट-कंट्रीच्या आतून गेलाय. शिवोलीकर धागा उसवत नाहीत.

शिवोलीकर:
धन्यवाद. लॅम्बचॉप आज ऐकतो.

लिंकन_अव्हेन्यू:
लॅम्बचॉपचं ठीक आहे, ते मान्य करावं लागेल. बाकी नाही.

पाचवी_तार:
जिम रीव्हज आत की बाहेर यावर एवढा घाम गाळताय, आणि दोन्ही बाजूंनी आतापर्यंत एकाही काळ्या कलाकाराचं नाव घेतलेलं नाही. मी क्लॉहॅमर या जुन्या पद्धतीने बँजो वाजवते, त्यामुळे हे मला टोचतं. बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातांतून अमेरिकेत आला. वर ज्या कार्टर फॅमिलीचं नाव अभिमानाने घेतलंत, त्यातल्या ए. पी. कार्टरबरोबर गाणी गोळा करत हिंडणारा लेस्ली रिडल काळा होता. ए. पी. शब्द टिपायचा, चाल रिडलच्या लक्षात राहायची. रिअॅनन गिडन्स आणि तिच्या कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या बँडने ही गोष्ट मंचावर वाजवून दाखवली, २०११ मध्ये त्यांना ग्रॅमीही मिळालं. कॅरीकर, गिडन्स तुमच्याच ग्रीन्सबरोची ना? तुमच्या यादीत ती का नाही?

आणि बायकांचा विषय निघालाच आहे तर २०१५ आठवा. रेडिओच्या एका सल्लागाराने उघड सांगितलं की कंट्री स्टेशनच्या सॅलडमध्ये पुरुष गायक म्हणजे लेट्यूस आणि बायका म्हणजे टोमॅटो, बेताने घालायचे. लुसिंडा विल्यम्स, नीको केस, जिलियन वेल्च यांना रेडिओने जवळ केलंच नव्हतं, म्हणून त्या या बाजूला घडल्या. जोवर तो रेडिओ तसाच आहे तोवर ‘ऑल्ट’ची गरज आहे, आणि गरज आहे तोवर ते मरत नाही.

कॅरीकर:
गिडन्स ग्रीन्सबरोचीच. आणि तुमचा शेवटचा मुद्दा माझ्या अख्ख्या लेखापेक्षा नेमका आहे. जिलियन वेल्चवरून आठवलं, मार्च २०२० च्या टोर्नेडोत तिच्या आणि डेव्हिड रॉलिंग्जच्या नॅशव्हिलमधल्या वुडलँड स्टुडिओचं छप्पर उडालं, दोघांनी रात्रीतून टेप वाचवल्या, आणि २०२४ मध्ये त्याच स्टुडिओच्या नावाने अल्बम काढला. त्यांचं स्वतःचं लेबल आहे. लिंकन, तुम्ही छोटं लेबल विचारलं होतंत ना?

लिंकन_अव्हेन्यू:
वेल्च १९९६ पासून आहे. तिच्यापाशी तीस वर्षांचे श्रोते आहेत, जुन्या काळाची ती कमाई. मला तेवीस वर्षांच्या पोराचं सांगा. गेल्या वर्षी एका छोट्या बँडशी बोललो. कार्यक्रम भरलेला, तरी व्हॅनचं पेट्रोल आणि मोटेल भागवून हातात काही नाही. टी-शर्ट विकले त्यातही जागेच्या मालकाने हिस्सा घेतला. ड्रमर दिवसा गोदामात काम करतो. आमच्या काळी कुणी श्रीमंत झालं नाही, पण हजारो सीडी विकून पुढच्या अल्बमचा खर्च निघायचा. वेन्सडे ऐकलं काल. बँड चांगला आहे, स्टील तर फारच चांगलं. पण चांगलं संगीत असणं आणि ते करणाऱ्याला त्यावर जगता येणं या दोन गोष्टी आहेत, आणि मी दुसरी मेली म्हणतोय.

कॅरीकर:
मग पोस्टीत तसं लिहायचं होतं. तुम्ही लिहिलंत ‘दाढ्या आणि टोप्या’.

पेडल_आणि_गुडघा:
पैशाचं लिंकनदादांचं बरोबर आहे. माझे शिक्षक आठवड्याचे पाच दिवस ऑस्टिनच्या बारमध्ये वाजवतात आणि भाडं शिकवण्यांवर भरतात. पण त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत मीच सगळ्यांत म्हातारा आहे.

पाचवी_तार:
कॅरीकर, गिडन्स यादीत का नव्हती याचं उत्तर अजून आलेलं नाही.