आंबोली घाटात स्विफ्ट डुलते, स्प्रिंग बदलू की शॉकअप?

घाटवाट_एमएच०९

राम राम मंडळी. २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय (डिझेल) आहे, १ लाख १८ हजार किमी झालेत. दर पंधरा दिवसाला कोल्हापूरहून निपाणी, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला जातो. हायवेला काही तक्रार नाही, पण घाट उतरताना एक वळण संपून लगेच उलटं वळण आलं की गाडी आधी इकडं झुकते मग तिकडं झुकते आणि स्टेअरिंग सरळ केल्यावर परत एक हेलकावा खाते. आईला मागच्या सीटवर दरवेळी मळमळतं, आजरा सोडलं की ती डोळे मिटूनच बसते.

मित्र म्हणतोय लोअरिंग स्प्रिंग टाक, गाडी ३५ एमएम खाली बसते आणि लई भारी वळते. एका दुकानात सांगितलं मागं स्टॅबिलायझर बार (गाडीचं झुकणं कमी करणारी आडवी सळी) लाव. बजेट २५ हजारापर्यंत आहे. मला गाडी पळवायची नाही, घाटात ती माझ्या हातात राहावी आणि आई नीट बसावी एवढंच पाहिजे. कुणी केलंय का असं काम?

देवगडची_हापूस

मी केलंय म्हणून लिहितेय. माझी पण स्विफ्ट, पुण्यात असताना लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, शॉकअप (स्प्रिंगचे हेलकावे जिरवणारे शॉक अॅब्सॉर्बर) कंपनीचेच जुने ठेवले कारण गॅरेजवाला म्हणाला चालतात. पहिले दोन महिने खरंच छान वाटलं, वळणात गाडी एकदम घट्ट. पण गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट ते जमीन अंतर, १७० एमएम, त्यातले ३५ गेले, वर चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या, मग आमच्या गावाकडच्या प्रत्येक गतिरोधकाला पोट घासायचं. आठ महिन्यांत पुढचे दोन्ही शॉकअप गळायला लागले. शेवटी सगळं काढून मूळ स्प्रिंग परत बसवल्या. आई मागे बसणार असेल तर मी तरी नको म्हणेन, धक्के थेट पाठीत बसतात.

शिरोलीचा_फिटर

भावा, पैसे घालायच्या आधी थोडं समजून घे. गाडी किती झुकणार हे स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार ठरवतात. ती किती पटकन झुकणार आणि झुकल्यावर परत कधी शांत होणार हे शॉकअपचं काम. लांबलचक एकाच वळणात गाडी एकदा झुकून तशीच राहिली तर त्यात शॉकअपला फार काम नसतं. पण तू सांगतोयस ते डावं उजवं लागोपाठ वळण आणि शेवटचा जादाचा हेलकावा, हे शॉकअप दमल्याचं लक्षण आहे. १ लाख १८ हजारावर मूळ शॉकअप असतील तर त्यांचं आयुष्य झालं, वरून तेल गळताना दिसलं नाही तरी आतला जोर गेलेला असतो. बॉनेट दाबून सोडायची तपासणी सगळे करतात पण त्यात फक्त पार मेलेला शॉकअप कळतो, अर्धा मेलेला नाही.

ताईंनी वर सांगितलं ते का झालं तेही सांगतो. स्प्रिंग बुटकी झाली की शॉकअपचा दांडा कायम आत दबलेला राहतो, खड्ड्यात खाली जायला जागा उरत नाही, मग तो बंप स्टॉपवर, म्हणजे टोकाच्या रबरी ठोकळ्यावर, जाऊन आदळतो. शिवाय लोअरिंग स्प्रिंग जास्त कडक असते, तिचा परतीचा झटका आवरायची ताकद जुन्या शॉकअपमधे नसते. स्प्रिंगच्या तारेत थोडा फरक पडला तरी कडकपणात लई पडतो, बाकी सगळं तेच ठेवून १२ एमएमची तार १३ केली तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक होते. आणि कुणी स्प्रिंगचा एखादा वेढा कापून देतो म्हणाला तर तिथनं गाडी घेऊन निघ. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक मोकळं लटकलं की स्प्रिंग जागेवरनं हलते.

मागच्या बारचं म्हणशील तर वस्तू वाईट नाही. मागची बाजू कडक झाली की पुढची चाकं वळणातनं बाहेर सरकायची सवय कमी होते. पण तीच गाडी पावसात, आंबोलीच्या उतारावर, वळणाच्या मधेच तू घाबरून अॅक्सिलरेटर सोडलास तर वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर जाऊ शकतं. घरची माणसं बसवून चालवायच्या गाडीला मी हा बार लावत नाही.

आता तू हे बघ. लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर बारला जोडणारी लिंक रॉड, शॉकअपचं वरचं माउंटिंग. बुश फाटला असेल तर ब्रेक मारताना आणि वळताना चाक पुढंमागं सरकतं, मग कितीही भारी शॉकअप लाव, स्टेअरिंग ढिलंच लागणार. आणि टायर कधी बनला ते सांगणारा त्याच्यावरचा चार आकडी कोड वाचून सांग.

ठाणेकर_८५

फिटर दादांशी सहमत. कागदाची बाजू पण बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायला मनाई आहे. कंपनीच्या मापाचे शॉकअप आणि बुश बदलणं ही दुरुस्ती झाली, पण गाडी खाली बसवलीत आणि विमा कंपनीला कळवलं नाहीत तर अपघातानंतर क्लेमला वाद होऊ शकतो.

टायर जुने असतील तर याच रिमवर १८५/७० आर१४ मापाचे बसतात, मी तेच लावलेत. मूळ १६५/८० आर१४ चा व्यास साधारण ६२० एमएम, याचा ६१५, म्हणजे स्पीडोमीटरला एक टक्क्याच्या आतच फरक. रुंदी २० एमएम वाढते. स्टेअरिंग किंचित जड झालं पण वळणात विश्वास वाढला.

घाटवाट_एमएच०९

फिटर दादा, आज गाडी जॅकवर घेऊन बघितली. डावा लोअर आर्मचा मागचा बुश चिरलाय, बोट जाईल एवढी भेग आहे. उजवीकडची लिंक रॉड हातानं खडखड वाजते. टायरवर ३११६ आहे, म्हणजे २०१६ चा ३१ वा आठवडा ना? नक्षी भरपूर दिसते म्हणून मी निवांत होतो. या टायरवर मी आईला घेऊन पावसात घाट उतरलोय, वाईट वाटलं. स्प्रिंगचा विषय डोक्यातनं काढला. चारही शॉकअप बदलायचे की पुढचेच? आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कधी?

शिरोलीचा_फिटर

बरोबर वाचलास. आधी टायर बदल, नक्षी असली तरी रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्याला धरत नाही. शॉकअप चारही बदल. पैसे कमी पडले तर आधी पुढची जोडी आणि पुढच्या महिन्यात मागची, पण एका बाजूचा नवा एका बाजूचा जुना असं कधी नको. पार्ट घेताना डिझेल आहे हे दुकानात ठासून सांग, इंजिनचं वजन जास्त असल्यानं पुढचं सामान पेट्रोलपेक्षा वेगळं येतं. शॉकअपबरोबर वरचं माउंटिंग आणि बंप स्टॉप पण नवे टाक, त्यासाठी परत खोलायला लावू नकोस.

आणि एक गोष्ट उभं राहून करून घे. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हलके लावायचे, चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावर मगच आवळायचे. लटकत्या चाकावर आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. अलाइनमेंट हे सगळं झाल्यावर. आठवड्याभरानं परत एकदा दाखव.