कुंकू ठेवलं पण नणंदांकडून हक्कसोड घेतलं, मग आत्या स्त्रीवादी की नाही?

शिरोळची_पोर:
आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडपासून जवळ. मे २०२२ मध्ये त्यांच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तो सगळ्यांना आठवत असेलच. पुढच्याच वर्षी माझ्या आत्याचे मालक गेले. बायका बांगड्या फोडायला पुढे आल्या तर आत्याने दोन्ही हात पदरात घेतले आणि म्हणाली, "हात लावायचा न्हाई." आजही ती कुंकू लावते, हळदीकुंकवाला जाते. मला तिचा फार अभिमान वाटतो. पण त्याच आत्याने वर्षभरात दोन्ही नणंदांकडून जमिनीचं हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, लिहून घेतलं, एका साडीवर. मैत्रीण म्हणते ही कसली स्त्रीवादी, मी म्हणते आहेच. आत्याला विचारलं तर म्हणते आपल्याला न्हाई बाई त्यातलं काय कळत. तुम्हाला काय वाटतं?

मंदार_नाशिक:
माझ्या मते आहे. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली बुलढाण्यात बसून 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला तेव्हा स्त्रीवाद हा शब्द तरी होता का मराठीत? चारचौघींत हात मागे घ्यायला जे धाडस लागतं ते सेमिनारमधे बोलून येत नाही.

रमाईची_लेक:
धाडस मान्य, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे मंगळसूत्र कुंकू यावर लगेच बातमी होते आणि सातबाऱ्यावर कुणी बोलत नाही. १९४२ ला नागपूरला बाबासाहेबांसमोर दलित महिलांची परिषद झाली, तिथे बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाविरुद्ध ठराव केला. म्हणजे कायद्यात काय पाहिजे ते आमच्या आज्यांना तेव्हाच कळत होतं, आणि आम्हाला मात्र अजून कोणीतरी येऊन विचारतं की तुम्ही स्त्रीवादी आहात की दलित चळवळीतल्या. माझ्यासाठी प्रश्न साधा आहे, दुसऱ्या बाईचं काय गेलं? इथे दोन नणंदांची जमीन गेली.

मंदार_नाशिक:
पण नणंदांनी स्वतः सह्या केल्या ना?

रमाईची_लेक:
सही केली नाही तर माहेर तुटतं दादा. दिवाळीला कोण बोलावणार, पोरीच्या लग्नात मामा म्हणून कोण उभा राहणार, हे सगळं डोळ्यासमोर ठेवून बाई सही करायला येते. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ लाच दिला, केंद्राने २००५ ला. आणि एक विचारू का @शिरोळची_पोर? आत्याचा माहेरचा हिस्सा कुठे आहे?

गृहिणी_सांगली:
मी पण सही केलीय भावाला. कुणी जबरदस्ती नाही केली पण कुणी विचारलं पण नाही, कागद तयारच होता. आत्याला एकटीला धरू नका, तिच्या पदरात दोन पोरं आहेत आणि जमीन तीन एकर, तिला कुणी शिकवलं होतं वाटणी अशी पण करता येते म्हणून? तिला स्त्रीवादी म्हणा नाहीतर म्हणू नका, पण नणंदांचा हिस्सा परत कसा देता येईल ते तिच्याशी बसून बोला.

शिरोळची_पोर:
@रमाईची_लेक काल रात्री बाबांना विचारलं. आत्याने २००९ ला आमच्या बाबांना हक्कसोड दिलंय. मला माहीतच नव्हतं. माझी इंजिनिअरिंगची फी ज्या उसावर भरली त्यात तिचा हिस्सा होता. बाबा म्हणाले, "तिनं कधी मागितलाच न्हाई." आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला, ती काही बोलली नाही. रविवारी आत्याकडे जातेय, बाबांना पण चला म्हटलंय.