टायडीबी ६.५ वरून ८.५: कोऱ्या क्लस्टरवर शोधाचे निकाल वेगळे येतात, हा बग आहे का?

टिळकवाडी
मंडळी नमस्कार. बेळगावातल्या एका सौहार्द सोसायटीचा डेटाबेस मी सांभाळतो. खानापूर, निपाणी, संकेश्वर धरून अकरा शाखा. २०२२ साली टायडीबी (अनेक मशीनवर पसरून चालणारा डेटाबेस) ५.४ वर क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशीनांचा संच, उभं केलं, पुढं ६.५ वर आणलं, आता ८.५ वर न्यायचंय. तीन टायकेव्ही (डेटा साठवणारे), तीन पीडी (कुठला डेटा कुठं ते सांभाळणारे), दोन टायडीबी सर्व्हर (क्वेरी चालवणारे), पुढं जोडण्या वाटून देणारं एचएप्रॉक्सी.

तयारी म्हणून जुन्या मशीनवर ८.५ चं कोरं क्लस्टर बसवलं, सभासदांची टेबलं डंपलिंगनं (डेटा फायलींत काढायचं टायडीबीचं साधन) काढून तिथं भरली. चालू क्लस्टरवर इंग्रजी स्मॉल अक्षरांत पाटील शोधलं तर कॅपिटलमध्ये लिहिलेले पाटील येत नाहीत, नव्यावर सगळे येतात. त्याहून वाईट म्हणजे खाते क्रमांकाच्या युनिक इंडेक्सवर (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारी सूची) डुप्लिकेटची एरर आली. क्रमांकाआधीचं 'बीके' कुणी कॅपिटलमध्ये टाकलंय, कुणी स्मॉलमध्ये, आणि ती खाती दोन वेगळ्या माणसांची आहेत. मराठी-कानडी नावांच्या रकान्यांत मात्र काहीच फरक नाही.

अपग्रेडनंतर चालू क्लस्टरवर हेच होणार असेल तर मी हात लावणार नाही. भाजी विकून पिग्मी भरणाऱ्या बायकांचे पैसे आहेत ओ ते.

निपाणी
बग नव्हे, कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना कशी करायची याचे नियम. ६.० पासून कोऱ्या क्लस्टरला नवं कोलेशन आपोआप चालू असतं. तुमचं क्लस्टर ५.४ वर सुरू झालं, तेव्हा ते बंद असायचं. ही सेटिंग क्लस्टर पहिल्यांदा उठताना जी बसते ती बसते, अपग्रेडनं बदलत नाही. जुन्या पद्धतीत रकान्यावर जनरल-सीआय (कॅपिटल-स्मॉल एकच धरणारं कोलेशन) लिहिलेलं असलं तरी तुलना बायनरीच, म्हणजे बाइटला बाइट ताडून, होते, म्हणून कॅपिटल-स्मॉल वेगळं धरलं जातं. देवनागरी आणि कानडीत ती भानगडच नाही, म्हणून तिथं तुम्हाला फरक दिसला नाही. खात्री हवी तर मायएसक्यूएल या सिस्टिम डेटाबेसातलं टायडीबी नावाचं टेबल उघडा, न्यू-कोलेशन-एनेबल्डच्या ओळीत फॉल्स दिसेल.

तेव्हा तुमची खाती मिसळणार नाहीत. पण तुमची चाचणी चुकीच्या क्लस्टरवर झाली, ती परत करा की. ६.५ चंच क्लस्टर उभं करा, पहिल्यांदा सुरू करण्याआधी कॉन्फिगमध्ये नवं कोलेशन फॉल्स करा, बीआरनं (टायडीबीचं बॅकअप-रिस्टोअरचं साधन) घेतलेला खरा बॅकअप त्यात रिस्टोअर करा आणि मग ते ८.५ वर चढवा. फॉल्स करायचं विसरलात तर बीआर दोन्हीकडची सेटिंग ताडून बघतं आणि रिस्टोअर करायला नकार देतं.

ही तालीम टाळू नका असं मी पोटतिडकीनं सांगतोय, कारण टायडीबीत अपग्रेड झाल्यावर खालच्या आवृत्तीवर उतरता येत नाही. परतीची वाट म्हणजे फक्त बॅकअप. मी एकदा बीआरला लोकल पाथ दिला आणि बॅकअप यशस्वी असं वाचून निवांत झोपलो. लोकल पाथ दिला की प्रत्येक टायकेव्ही आपापल्या डिस्कवर आपल्या वाट्याच्याच फायली लिहितो. रिस्टोअर करायला बसलो तेव्हा एका मशीनची डिस्क पुसली गेली होती. रात्रभर शाखांकडच्या पावत्यांवरून नोंदी जुळवल्या. तेव्हापासून सगळ्या मशीनवर एकच एनएफएस माउंट (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) असल्याशिवाय बॅकअप घेत नाही.

चिकोडी
अपग्रेड चालू असताना डीडीएल (टेबलाची रचना बदलणाऱ्या कमांड) नको. ॲडमिन शो डीडीएल करून रांग रिकामी आहे ना बघा, ॲड इंडेक्स चालू असेल तर संपू द्या. अपग्रेडच्या वेळी डीडीएल आपोआप थांबवण्याची सोय ७.१ पासून वरच्यांना आहे, तुम्ही ६.५ वरून निघालाय.

आणखी एक, तुमच्या तीन टायकेव्हींपैकी दोन एकाच यूपीएसवर आहेत का? डेटाच्या तीन प्रती असतात. टायअप (क्लस्टर बसवायचं, अपग्रेड करायचं साधन) एका मशीनवरचे लीडर, म्हणजे व्यवहार सांभाळणाऱ्या मुख्य प्रती, हलवून ते बंद करतं तेव्हा दोनच उरतात, आणि बहुमताला दोन्ही लागतात. त्या वेळी लाईट गेली आणि उरलेल्यांतलं एक बसलं तर व्यवहार थांबलेच. आमच्याकडं मिरगाच्या पावसात हे ठरलेलं, म्हणून आम्ही पावसाळ्यात अपग्रेड धरतच नाही.

टिळकवाडी
बघितलं, फॉल्सच आहे. आणि होय ओ, दोन मशीन एकाच यूपीएसवर निघाली, उद्या उद्यमबागेतून दुसरा आणतो. निपाणीकर, एक राहिलं: पुढं कधी नवं कोलेशन हवंच झालं तर?

निपाणी
कोरं क्लस्टर, डंपलिंगनं काढायचं, लाइटनिंगनं (डेटा भरायचं साधन) भरायचं. चालू क्लस्टरवर ते बदलता येत नाही. त्याआधी ते 'बीके'वाले खाते क्रमांक एकेक करून सुधारावे लागतील, आणि नवा क्रमांक खातेदाराच्या पासबुकावरही चढवावा लागेल. तालमीत रिस्टोअरला किती तास लागले ते लिहून ठेवा, रविवारची वेळ त्यावरूनच ठरवता येईल.