प्रतिसाद: पाटी लावून बसलेली टोळी

'याकुझाच्या (जपानमधल्या संघटित गुन्हेगारी टोळीच्या) कचेरीवर राजरोस पाटी असायची, म्हणजे जपानमध्ये टोळी कायदेशीरच' असं वर म्हटलंय. अर्धंच खरं. तिथे नुसतं सदस्य असणं गुन्हा नाही. हाँगकाँगमध्ये मात्र ट्रायडचा (तिथल्या गुन्हेगारी टोळीचा) सदस्य असणं, इतकंच काय, तसं नुसतं सांगणंही गुन्हा आहे.

जपानमध्ये १९९२पासून लागू झालेल्या कायद्याने टोळीवर बंदी घातली नाही, तिला 'निर्देशित', म्हणजे अधिकृतपणे गुन्हेगारी टोळी, ठरवलं. त्यासाठी गुन्हे नोंदलेल्या सदस्यांचं प्रमाण, वरपासून खालपर्यंतची उतरंड वगैरे तपासतात. एकदा शिक्का बसला की टोळीचं नाव सांगून पैसे मागणंसुद्धा अडचणीत आणतं.

खरा दणका २०११पर्यंत सगळ्या प्रांतांत आलेल्या नियमांनी दिला, कारण त्यांनी टोळीला पैसे देणाऱ्यालाच धरलं. बारवाला हप्ता रोख देतोच असं नाही. ओले हातरुमाल, कुंड्या, नववर्षाचं दारावरचं तोरण टोळीकडून चढ्या भावाने घेतो, म्हणजे हिशेबात तो साधा खर्च दिसतो. आता अशा दुकानदाराला आधी समज मिळते, मग नाव जाहीर होतं. नाव जाहीर झालं की बँक हात आखडता घेते.

बँक खातं, भाड्याचं घर, मोबाइल या करारांत 'मी टोळीचा नाही' हे कलम असतं. खोटं लिहिलं तर फसवणूक. टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं हीच गत. मग सुटलेला माणूस कमावणार कसा? तो ऑनलाइन जमणाऱ्या, ना नाव ना पाटी अशा टोळक्यांत जातो. पोलिसांना ती जास्त जड जातात.